वय विचारलं तर बावीस सांग

वसतिगृह, वारणानगर
२४ ऑक्टोबर २०२४

वहिनी,

जय जिनेंद्र.

पत्र बघून तुम्ही चमकला असाल. शाळेच्या पत्त्यावर पाठवतोय, कारण घरात तुमचा फोन कुणीही उचलतं. आणि खरं सांगायचं तर हे फोनवर माझ्या तोंडातून निघणारच नाही. समोर बसून तर अजिबात नाही. तुम्ही मला दहावीचं गणित शिकवलंय. उत्तर चुकलं की तुम्ही काही बोलायचा नाही, नुसतं बघायचा, आणि मला घाम फुटायचा. आत्ता लिहिताना तसंच झालंय.

रविवारी अण्णा आणि दादा गाडी घेऊन इकडे आले होते. "चल कोल्हापूरला, जेवायला जाऊ," म्हणाले. मी खुशीत बसलो. कोडोली मागे पडली तसा अण्णांनी विषय काढला, तुमच्या आणि दादाच्या मूलबाळाचा. दादाच्या तपासणीत काय निघालंय ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. दादा गाडी चालवत होता, आरशातसुद्धा माझ्याकडे बघत नव्हता.

अण्णा म्हणाले, "डॉक्टर म्हणत्यात बाहेरच्याचं घ्या. कोण, कुठला, काय खाणारा, काय पिणारा, काय ठावं न्हाय. आपल्या घरात चालंल व्हय? तुझी वहिनीच म्हणाली, घ्यायचं तर घरचंच, वृषभचं. मी सोता तयार हुतो की. पर पंचावन्नच्या वरचं चालत न्हाय म्हणत्यात."

मी नको म्हणालो. तर दादाने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडायला लागला. वहिनी, मी दादाला कधी रडताना बघितलेलं नाही. आजी गेली तेव्हासुद्धा नाही. मग मी हो म्हणून गेलो.

दवाखान्याच्या जिन्यात अण्णा कानाशी म्हणाले, "वय विचारलं तर बावीस सांग. नाव राजवर्धन सांग. बाकीचं मी बघतो." मला एकवीस पूर्ण व्हायला मार्च उजाडेल. एकवीसच्या आतल्याचं घेत नाहीत, हे मला नंतर कळलं.

आतल्या खोलीबद्दल लिहीत नाही. बाहेर आल्यावर अण्णांनी पाठीवर शाबासकीची थाप मारली आणि मला तिथेच उलटी झाली.

तेव्हापासून मी भ्यालोय. कशाला, ते नीट सांगता येत नाही. ते मूल मला काय म्हणेल? मी त्याला उचललं तर दादाला काय वाटेल? नाही उचललं तर तुम्हाला काय वाटेल?

तुम्ही खरंच माझं नाव घेतलंत? घेतलं असेल तर मी पुन्हा कधी हा विषय काढणार नाही. फक्त हो किंवा नाही कळवा.

तुमचा,
वृषभ


उचगाव
१२ नोव्हेंबर २०२४

चि. वृषभ,

दिवाळीची सुट्टी संपून शाळा आज उघडली. तुझं पत्र इतके दिवस ऑफिसात टपालाच्या ढिगात पडून होतं. नववीच्या तासाला पुस्तकात धरून वाचलं. फळ्यावरचं उदाहरण अर्धंच राहिलं, मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. दिवाळीला तू घरी का आला नाहीस, ते आत्ता कळलं.

उत्तर आधी देते. नाही. मी तुझं नाव घेतलेलं नाही. माझ्या मनातसुद्धा आलेलं नाही.

पहिल्या भेटीतच डॉक्टरबाईंनी आम्हाला सांगितलं होतं की दाता शुक्राणू बँकेतूनच घ्यावा लागतो आणि तो कोण हे आम्हाला कधी कळणार नाही. एकवीसच्या पुढचा आणि पंचावन्नच्या आतला असतो, एवढंच. घरातलं कुणी चालत नाही, हेही सांगितलं होतं. त्यावर मी तयार झाले. 'पुण्याहून आलंय' असं मला घरात सांगितलं गेलं. तू जे लिहिलंस ते मी चार वेळा वाचलं तरी डोक्यात शिरत नव्हतं.

तू मुळीच घाबरू नकोस. अजून काही झालेलं नाही, तारीख पुढे गेली आहे. मी हे थांबवते. घरी कुणाला काही बोलू नकोस, अण्णांना तर नाहीच. वेळेवर जेव. हे पत्र वाचून फाडून टाक.

तुझी वहिनी


वारणानगर
१६ नोव्हेंबर २०२४

वहिनी,

तुमचं पत्र आलं आणि मी मेसमध्ये दोन ताटं जेवलो. माझ्या खोलीतला केरबा म्हणाला, "काय रं, लॉटरी लागली का?" म्हटलं, तसंच समज.

तारीख पुढे गेली हे फार बरं झालं. मी आता जरा वाचलंही याबद्दल. एकवीसचा नियम कशाला केला असेल ते मला कळतंय. त्या दिवशी गाडीत मला नको म्हणता आलं नाही ना, त्यासाठीच असणार. आणि पंचावन्नचा नियम अण्णांसारख्यांसाठी.

एक काळजी आहे. माझं जे दिलेलं आहे ते दवाखान्यात गोठवून ठेवलेलं असणार. ते टाकून द्यायला सांगा. ते तिथे आहे असं आठवलं की मी पुस्तक मिटून बाहेर पडतो.

दादावर फार रागावू नका. तो वाईट नाही, तुम्हाला माहीत आहे. महिना संपला की मी घरी येतो आणि अण्णांना तोंडावर सांगतो. तुम्ही फक्त स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहा.

तुमचा,
वृषभ


उचगाव
२३ नोव्हेंबर २०२४

वृषभ,

येऊ नकोस. आधी हे वाच.

मी तुला खोटं लिहिलं होतं. तारीख पुढे गेली नव्हती. भाऊबीज झाली आणि त्याच आठवड्यात डॉक्टरबाईंनी ते केलं. तुझं पत्र शाळेत पडलेलं, आणि मी दवाखान्याच्या कॉटवर पडून पुण्याच्या कुणा अनोळखी माणसाचे मनातल्या मनात आभार मानत होते. तुझं पत्र वाचलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. तुला काय लिहावं कळेना. वाटलं, नाही राहिलं तर तुला कधी कळायलाच नको.

निवडणुकीच्या ड्युटीवरून आले आणि दुसऱ्या दिवशी तपासणी केली. राहिलंय.

रात्रीपर्यंत थांबवलं नाही. दादा कागलहून कारखान्यातून आले, हातपाय धुतले, तेव्हाच विचारलं.

"ते कुणाचं होतं?"

"पुण्याचं."

"माझ्याकडं बघून सांगा."

टॉवेलने हात पुसत राहिले. हात कधीच कोरडे झाले होते. मग म्हणाले, "वृषभ काय परका हाय व्हय?"

"परका नाही म्हणूनच विचारते. त्याचं वय किती?"

"बावीस."

"त्याच्या दहावीच्या फॉर्मवर जन्मतारीख मी भरलीय."

"एका वर्सानं काय हुतंय गं?"

"त्याला गाडीत घालून विचारलंत. मला तर विचारलंच नाही."

"विचारलं असतं तर तू न्हाय म्हणाली असतीस."

"हो."

"मग?"

ते 'मग' इतकं सरळ होतं, वृषभ, की मी भिंतीला धरून खाली बसले. सात वर्षं ज्यांच्याशेजारी झोपले त्यांची मला त्या क्षणी भीती वाटली. मारतील वगैरे अशी नव्हे. आणखी काय काय मला न विचारता होऊ शकतं, अशी.

आईंना आनंद झालाय. सारख्या माझ्या ताटात तूप वाढतात. मी ते बाजूला सारते. पोटातलं बाळ मला हवं होतं, फार हवं होतं, आणि आता त्याच्याकडे मन गेलं की तुझा चेहरा समोर येतो, तेराव्या वर्षीचा, लग्नात माझ्या चपला सांभाळत बसलेला.

तू मला काही लिही. रागावलास तरी चालेल.

वहिनी


उचगाव
८ डिसेंबर २०२४

वृषभ,

पंधरवडा झाला, तुझं उत्तर नाही. फोन बंद. काल मी शाळेतून वसतिगृहावर फोन केला. रेक्टर म्हणाले, "तो तर गुरुवारपासून नाही. घरी गेलाय ना?" मी "हो, आहे" म्हणाले आणि ठेवला.

घरी सांगावं तर अण्णा आरडाओरडा करतील, आईंचा जीव जाईल. दादांना सांगितलं. ते चावी घेऊन बाहेर पडले. दिवस मावळल्यावर आले. "सापडंल," एवढंच म्हणाले.

आज टीव्हीवर खाली पट्टी धावली, वारणा नदीत कुणाचं तरी प्रेत सापडल्याची. माझ्या हातातून पातेलं सुटलं. आमटी सगळीकडे झाली. मग वय चाळीस असं आलं आणि मी त्या परक्या माणसाच्या मरणावर सुटकेचा निःश्वास टाकला. अशी झालेय मी.

हे पत्र वसतिगृहावर पाठवतेय. कुणाच्या तरी हाताने तुझ्यापर्यंत पोचू दे. नुसता कोरा कागद पाठव, पण पाठव.

वहिनी


मु. गारगोटी, केरबाच्या घरी
१३ डिसेंबर २०२४

वहिनी,

मी आहे. तुमचं पत्र केरबाने आणून दिलं. तुम्हाला एवढं घाबरवायचं नव्हतं. मला कुणाशी बोलवत नव्हतं.

तुमचं ते पत्र वाचून मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. कॉलेजचं ओळखपत्र डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, "मॅडम, मी बावीसचा नाही. राजवर्धनही नाही. आणि जिच्यासाठी घेतलंत ती माझी वहिनी आहे."

त्या उठल्या, दार लावून घेतलं. कडी दोनदा तपासली. मला वाटत होतं मीच भ्यालोय. "मी तुम्हाला ओळखत नाही," म्हणाल्या.

"माझं काय केलंत, एवढं सांगा."

"दात्याला काही सांगता येत नाही. कायदा आहे. आणि तुम्ही दाते आहात असं मी म्हणतही नाहीये."

वहिनी, त्यांना माझं घेताना कायदा आठवला नाही आणि मला सांगताना आठवला. मी जिना उतरलो. तक्रार करावी असं मनात आलं, पण तक्रार केली तर आधी दादा अडकणार, मग मी. खोटं नाव मीच तोंडाने सांगितलंय.

त्यानंतर दादा वसतिगृहावर आला होता, हे तुम्हाला त्याने सांगितलेलं दिसत नाही. गुरुवारी सकाळी. गेटवरच उभा राहिला, आत आला नाही.

"थोडं दिवस घराकडं यिऊ नकोस," म्हणाला.

"का?"

"तिला दिवस गेल्यात. तू समोर आलास की मला..."

"माझं काय चुकलं, दादा?"

"तुझं काय चुकलंय," म्हणाला आणि गाडी वळवून गेला.

म्हणून मी इथे आलो. केरबाची आई मला 'पावणं' म्हणते आणि काही विचारत नाही. सोमवारी कॉलेजला परत जाईन. घरी येणार नाही. आता मी आलो तर तुम्हा दोघांच्यामध्ये येऊन बसल्यासारखं होईल.

वृषभ


उचगाव
१९ जानेवारी २०२५

चि. वृषभ,

बरेच दिवस लिहिलं नाही. आधी स्वतःचं ठरवायचं होतं. हे बाळ ठेवायचं की नाही, याचा मी खरोखर विचार केला. कुणाला न सांगता दुसऱ्या एका डॉक्टरबाईंकडे जाऊन आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "यात तुम्ही म्हणाल तसं." इतक्या महिन्यांत हे वाक्य मला पहिल्यांदा कुणी म्हटलं. बाहेर येऊन बाकावर बसून रडले, आणि मग ठरलं. ठेवणार. अण्णांसाठी नाही, रक्तासाठी नाही. मला ते हवंय म्हणून.

काल सगळ्यांची जेवणं दिवसाउजेडी आटपली तेव्हा मी अण्णांसमोर बसले. सासऱ्यांसमोर असं बसायची माझी पहिलीच वेळ.

म्हटलं, "अण्णा, दवाखान्यात जे उरलंय ते टाकून द्यायला मी सांगितलंय. यांनी सही केलीय. दुसऱ्या खेपेला हे होणार नाही. आणि बाळ कळतं झालं की त्याला मी खरं सांगणार आहे."

अण्णा म्हणाले, "आमचं रक्त आमच्याच घरात आलं. हेच्यात गुन्हा कसला?"

"रक्त आलं आणि मुलगा गेला. तीन महिने वृषभने या घरात पाऊल टाकलेलं नाही. का, ते विचारलंत?"

"पोरगा हाय. यील."

"दवाखान्याच्या बाहेर त्याला उलटी झाली होती, अण्णा. तुम्ही थाप मारलीत तेव्हा."

आई ताटं उचलत होत्या. त्यांनी ती तशीच खाली ठेवली. "उलटी झालती?" त्यांनी अण्णांना विचारलं. "माझ्या पोराला उलटी झालती आन् मला सांगितलं न्हाय?" त्यांना तुझं वय खोटं सांगितलेलंही माहीत नव्हतं. 'वृषभ सोताहून तयार झाला' असं त्यांना सांगितलं होतं. तुला एक, मला एक, त्यांना तिसरंच. अण्णा उठून गच्चीवर गेले. कालपासून आई त्यांच्याशी बोललेल्या नाहीत.

दादा तिथेच बसले होते. उठून गेले नाहीत.

तू घरी ये, हे मी म्हणते. हे तुझं घर आहे.

वहिनी


पुणे
६ एप्रिल २०२५

वहिनी,

कॉलेजतर्फे इथे एका कंपनीत शिकाऊ म्हणून आलोय, तीन-चार महिने तरी असेन. मुद्दामच लांबचं घेतलं.

मार्चमध्ये मला एकवीस पूर्ण झाली. केरबाने केक आणला. मेणबत्ती विझवताना मनात आलं, आता मला चालेल म्हणतात. हसायला आलं आणि मग ते हसणं थांबेना. केरबा घाबरला.

तुम्ही बाळाला खरं सांगणार, हे वाचून बरं वाटलं आणि अंगावर काटाही आला. ते मोठं होऊन माझ्याकडे येईल आणि विचारेल, "तुम्हाला नको होतं ना?" मी काय सांगू? नको होतं, हे खरं आहे. पण ते त्याला कसं सांगू?

इथे बसमध्ये कुणाच्या कडेवर मूल दिसलं की मी दुसरीकडे बघतो. आई फोन करते, "ये की रं" म्हणते आणि रडते. दादाचा फोन नाही. तो बोलावत नाही तोवर मी येणार नाही, वहिनी. तुम्ही बोलावून चालणार नाही. हे त्याचंच आहे बोलवायचं.

तब्येतीला जपा.

वृषभ


उचगाव
१२ ऑगस्ट २०२५

चि. वृषभ,

मुलगी झाली. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईंनी फोनवर सांगितलंच असेल, बाकीचं मी सांगते.

घरात येईल तो पाळण्यात वाकतो आणि नाक कुणाचं, कपाळ कुणाचं ते बघतो. माणसं सहज म्हणतात, त्यांच्या मनात काही नसतं, पण प्रत्येक वेळी मी श्वास धरून बसते. परवा अण्णा पाळण्याशी आले. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू होतं. भरल्या घरात म्हणाले, "हुबेहूब वृषभ! ल्हानपणी असाच हुता."

पाहुण्यांना त्यात काही वाटलं नाही. काकासारखी पुतणी असते. पण दादा पाळण्याची दोरी धरून उभे होते. त्यांनी दोरी सोडली आणि बाहेर गेले.

तेव्हापासून ती रडली की ते दुसऱ्या खोलीत जातात. अजून त्यांनी तिला एकदाही उचललेलं नाही. बोलतात नीट, औषधं आणतात, रात्री माझ्यासाठी पाणी तापवतात. फक्त तिच्याकडे बघत नाहीत. मला सगळ्यात मोठी भीती याचीच होती. लोक काय म्हणतील याची नव्हती. तिने एक दिवस मान वर करून बघावं आणि तिच्या बापाने नजर चुकवावी, ही.

रविवारी, चोवीस तारखेला बारसं आहे. मी तुला बोलवत नाही. तू लिहिलंस ते मला पटलंय. फक्त तारीख कळवते.

वहिनी


उचगाव
१८ ऑगस्ट

वृषभ,

मला पत्र लिवायची सवय न्हाय. तुझ्या वहिनीकडनं, स्नेहलकडनं पत्ता घेतला. ती म्हणाली फोन करा. फोनवर मला तुझा आवाज ऐकून बोलाय जमणार न्हाय म्हणून लिवतोय.

काल आई देवळात गेलती. स्नेहल न्हाणीत हुती. अण्णा शेताकडं. पोरगी उठली आन् वरडाय लागली. मी म्हटलं यील स्नेहल. ती काय यिना. पोरगी काळीनिळी झाली वरडून. मला भ्या वाटलं, हिला काय झालं तर. मग उचललं.

काय शांत बिंत झाली न्हाय. तशीच वरडत हुती. मी आपला हिकडनं तिकडं फिरतोय. मग माझ्या शर्टावर ओकली आन् खांद्यावर झोपली. स्नेहल आली तर मी म्हटलं, थांब, घिऊ नको, उठंल.

मग तिचं तोंड बघितलं. अण्णा म्हणत्यात ते खरं हाय. तूच दिसतोस. तू झालास तवा मी पंधरा वर्सांचा हुतो. आई आजारी असायची. तुला असाच खांद्यावर घिऊन मी अंगणात फिरायचो. पोरं हसायची मला. हे सगळं मी इसरून बसलो हुतो. मला वाटलं हुतं हिचं तोंड बघितलं की तुझा राग यील. राग आला न्हाय. तू लई दिवस दिसला न्हाईस, एवढंच वाटलं.

गाडीत मी रडलो ते तुला फसवायला न्हवतं. पर त्येच्यामुळं तुला न्हाय म्हणता आलं न्हाय, हे मला तवाबी दिसलं हुतं. दिसूनबी मी गप्प बसलो.

स्नेहल म्हणती हिला मोठी झाल्यावर सगळं सांगायचं. मला त्या दिवसाचं आत्तापासनं भ्या वाटतंय. मी काय तोंडानं सांगू? मला एकट्याला जमणार न्हाय.

रविवारी बारसं हाय. मी बोलवतोय तुला. अण्णा काय बोलले तर मी हाय. येशील तवा फोन कर, स्टँडवर येतो. न्हाय यावंसं वाटलं तर नको यिऊ, ह्या खेपेला तुला न्हाय म्हणायची मुभा हाय. पर त्या दिवशी कुणीतरी इचारणार, पोरीचा काका कुठं हाय. काय सांगायचं तेवढं कळव. तू सांगशील तेच सांगतो.

तुझा दादा,
सम्मेद